एसीपीआय कोडमध्ये आर्ग्युमेंट पाठवताना: प्रत जाते की मूळ वस्तू?

मे महिन्यातली गोष्ट. बाहेर ४५ अंश, घरात कूलर चालू, आणि भाचा हिंगणा रोडवरच्या होस्टेलातून लॅपटॉप काखेत मारून आला. जुना लॅपटॉप, त्यावर लिनक्स, बॅटरी नुकतीच बदललेली. नव्या बॅटरीपासून शिल्लक चार्जचा आकडा दहापट कमी दिसत होता. त्याने हिंमत करून फर्मवेअरचं (लॅपटॉपच्या चिपमधल्या मूळ सॉफ्टवेअरचं) टेबल उघडलं, एक छोटी मेथड (म्हणजे फंक्शन) लिहिली, आकड्याला दहाने गुणलं. त्यानंतर आकडा कधी बरोबर येई, कधी दहापट जास्त, कधी शंभरपट.

"मामा, गुणाकार तर एकदाच केला आहे ना मी. मग हे असं काहून होऊन राहिलं?"

गुणाकार एकदाच लिहिला होता, हे खरं. चूक त्याच्या एका समजुतीत होती: मेथडला दिलेलं आर्ग्युमेंट (आत पाठवलेली वस्तू) ही आपली खाजगी प्रत आहे, तिचं काहीही केलं तरी बाहेर काही हलत नाही. एसीपीआय म्हणजे फर्मवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यातल्या संवादाचं मानक. त्याच्या भाषेत हे पूर्णांकाच्या बाबतीत खरं आहे, बफर (बाइटांची रांग) आणि पॅकेज (अनेक वस्तूंची यादी) यांच्या बाबतीत नाही. त्या दुपारी आम्ही दोघांनी ते एकेक करून तपासलं. ज्यांना आपल्या लॅपटॉपच्या टेबलमध्ये हात घालायचा आहे, त्यांच्यासाठी तीच वाट इथे लिहितो.

कोडमधले शब्द मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. फाइलमध्ये ते अर्थातच रोमन लिपीत टाइप करायचे, आकडेही तसेच.

नियम नेमका काय आहे

एसीपीआय हे मानक इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये आणलं. २०१३ पासून ते यूईएफआय फोरमकडे आहे. लॅपटॉप बनवणारा त्याचा कोड एएसएल या भाषेत लिहितो. तो कंपाइल होऊन एएमएल नावाचा बाइटकोड होतो आणि टेबलच्या रूपात फर्मवेअरमध्ये बसतो. मुख्य टेबल डीएसडीटी, जोडीला अनेक एसएसडीटी. हा बाइटकोड चालवतो मात्र ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा. बॅटरी किती उरली, झाकण बंद झालं का, पंखा कधी फिरवायचा, यातलं बरंचसं याच वाटेने कर्नलला कळतं.

मेथडला जास्तीत जास्त सात आर्ग्युमेंट देता येतात, आर्ग० ते आर्ग६. सातच का, तर मेथडच्या व्याख्येतल्या एका बाइटमध्ये ही संख्या मांडायला तीन बिट राखलेले आहेत, आणि तीन बिटांत सातच्या पुढे जाता येत नाही. त्याशिवाय प्रत्येक मेथडला स्वतःचे आठ स्थानिक चल मिळतात, लोकल० ते लोकल७.

आर्ग्युमेंट कसं जातं याबद्दल मानक स्पष्ट आहे: मूळ वस्तूच जाते, तिची प्रत काढली जात नाही, पण ती स्थिरांक समजून जाते. म्हणजे वाचायला मोकळीक, बदलायला मनाई. कारण व्यवहारी आहे. कर्नलच्या ज्या मेमरीत हे चालतं ती डिस्कवर सरकवता येत नाही, ती जपून वापरावी लागते. दर कॉलला बफरच्या प्रती काढत बसणं तिथे परवडत नाही.

आता मेथडने आर्ग०मध्ये नवी किंमत ठेवली तर? मूळ वस्तूला धक्का लागत नाही. आर्ग० त्या वस्तूचा हात सोडतो, नवी वस्तू धरतो आणि तिथून पुढे साध्या लोकलसारखा वागतो. इथपर्यंत भाच्याची समजूत चालून जाते. पण या भिंतीला तीन दारं आहेत: रेफऑफने मुद्दाम पाठवलेला रेफरन्स (मूळ वस्तूकडे दाखवलेलं बोट), बफर किंवा पॅकेजवरचा इंडेक्स (आतल्या एका घटकाचा क्रमांक), आणि बफरवर तयार केलेलं फील्ड (बफरच्या तुकड्याला दिलेलं नाव). पहिलं दार कॉल करणारा उघडतो. उरलेली दोन मेथड स्वतःच उघडते आणि कॉल करणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

पायरी १: टेबल बाहेर काढा

उबुंटू किंवा डेबियनवर एसीपीआयसीए-टूल्स हे पॅकेज बसवा. त्यातली तीन अवजारं लागतील: टेबल उतरवून घेणारं एसीपीआयडंप, कंपाइल आणि डिसअसेंबल दोन्ही करणारं आयएएसएल, आणि बाइटकोड खऱ्या हार्डवेअरला हात न लावता चालवून दाखवणारं एसीपीआयएक्झेक.

रिकामा फोल्डर करून त्यात एसीपीआयडंप रूट अधिकाराने, बायनरीचा 'बी' पर्याय देऊन चालवा. प्रत्येक टेबलची वेगळी फाइल पडेल. मग आयएएसएलला 'डी' पर्याय देऊन डीएसडीटी उलगडायची. इथे एक खबरदारी घ्याच: सोबत 'ई' पर्यायाने सगळ्या एसएसडीटी फाइलीही द्या. एएमएलमध्ये मेथडचा कॉल म्हणजे फक्त नाव आणि त्याच्या मागे ओळीने आर्ग्युमेंट. यादी कुठे संपली याची खूण नसते. मेथड किती आर्ग्युमेंट घेते हे तिच्या व्याख्येतूनच कळतं, आणि ती व्याख्या दुसऱ्या टेबलमध्ये असेल तर डिसअसेंबलरला अंदाज बांधावा लागतो. अंदाज चुकला की पुढच्या ओळीतली वस्तू या कॉलचं आर्ग्युमेंट बनून बसते, आणि आपण भलताच कोड खरा मानून वाचत राहतो. भाच्याचा पहिला एक तास यातच गेला होता.

पायरी २: प्रयोगाची वही

लॅपटॉपच्या खऱ्या टेबलवर शिकू नका. एक छोटी फाइल करा. सुरुवातीला डेफिनिशन ब्लॉकची ओळ येते. तिच्यात टेबलचं नाव, रिव्हिजन, निर्मात्याची सहा अक्षरी ओळख, टेबलची आठ अक्षरांपर्यंतची ओळख आणि शेवटी आवृत्तीचा आकडा. 'नागपूर' रोमन लिपीत बरोबर सहा अक्षरांत बसतं, आम्ही तेच टाकलं. रिव्हिजन २ ठेवा. १ ठेवलंत तर सगळे पूर्णांक ३२ बिटांचे होतात, २ पासून ६४ बिटांचे.

एएसएलमध्ये कुठलंही नाव चार अक्षरांचं असतं. आम्ही तीन वस्तू केल्या: पूर्णांकासाठी ताप, बफरसाठी डबा, पॅकेजसाठी पेटी. तिन्ही नावं रोमनमध्ये चार-चार अक्षरांची होतात. शिवाय मेन नावाची एक मेथड, जी बाकीच्यांना कॉल करेल आणि प्रत्येक कॉलनंतर किंमत छापेल. छापायला सोपी सोय आहे: डीबग या वस्तूत काहीही ठेवलं की ते पडद्यावर येतं.

आयएएसएलने फाइल कंपाइल करा, तयार झालेली एएमएल फाइल एसीपीआयएक्झेकला द्या, आणि त्याच्या प्रॉम्प्टवर एक्झिक्यूट मेन असं लिहा. झाली प्रयोगशाळा.

पायरी ३: पूर्णांक

एसीपीआयमध्ये तापमान दशांश केल्विनमध्ये सांगायचा रिवाज आहे. सेल्सियसच्या आकड्याला दहाने गुणून २७३२ मिळवायचे. नागपूरच्या मे महिन्याचे ४५ अंश म्हणजे ३१८२. हे करणारी केल्व नावाची मेथड लिहा, एक आर्ग्युमेंट घेणारी:

आर्ग० = आर्ग० * १० + २७३२
रिटर्न आर्ग०

ताप या वस्तूत ४५ ठेवा, केल्वला ताप द्या. परत आलेली किंमत छापा, मग ताप पुन्हा छापा. आकडे षोडशमानात छापले जातात: पहिली ओळ सी६ई दाखवेल, म्हणजे दशमानात ३१८२. दुसरी २डी, म्हणजे ४५, जसाच्या तसा. आर्ग०ने मूळ ताप सोडून नवा पूर्णांक धरला, बस. तापऐवजी लोकल० दिला तरी हेच घडतं.

जाता जाता एक गोष्ट: आर्ग्युमेंटच्या जागी मेथडचं नाव लिहिलं तर मेथड जात नाही. ती आधी चालते आणि तिचं उत्तर जातं. ती काही परत करत नसेल तर तिथेच घातक चूक होते.

पायरी ४: मुद्दाम मूळ वस्तू बदलायची असेल तर

आता केल्वला ताप न देता रेफऑफ ताप द्या. आता आर्ग०मध्ये किंमत नाही, तापकडे बोट दाखवणारा रेफरन्स आहे. वाचायचं असेल तर डीरेफऑफ लावायचं. लिहिताना मात्र काही लावायचं नाही, आर्ग०मध्ये ठेवलेली वस्तू आपोआप तापमध्ये जाऊन पडते. म्हणून मेथडची ओळ अशी होते:

आर्ग० = डीरेफऑफ आर्ग० * १० + २७३२

चालवून ताप छापा, आता तिथे ३१८२ सापडेल.

वाचताना डीरेफऑफ हवं आणि लिहिताना नको, हा विषमपणा सुरुवातीला खुपतो. त्याहून मोठी फसगत पुढे आहे. समजा तुम्ही तोच रेफरन्स आधी लोकल०मध्ये ठेवला आणि मग लोकल०मध्ये लिहिलंत. तर ताप बदलत नाही. लोकलवर लिहिलं की लोकलच पुसला जातो, आतला रेफरन्स कुणी पाहत नाही. आपोआप मुक्कामी पोहोचवण्याची सोय फक्त आर्गला आहे. भाच्याला हे पटेना, त्याने तीन वेळा चालवून पाहिलं. तुम्हीही पाहा, कारण हे नुसतं वाचून डोक्यात राहत नाही.

आणखी एक. नावाच्या वस्तूत थेट लिहिताना एएसएल जुन्या वस्तूचा प्रकार राखून रूपांतर करते: पूर्णांकात स्ट्रिंग ठेवली तर तिचा पूर्णांक होतो. रेफरन्सवाल्या आर्गमधून लिहिताना हे रूपांतर होत नाही. तापमध्ये स्ट्रिंग पाठवलीत तर ताप स्ट्रिंग होऊन बसेल आणि पुढची बेरीज भलत्याच ठिकाणी कोसळेल. या वाटेने पूर्णांकाच्या जागी पूर्णांकच ठेवावा.

पायरी ५: बफर आणि पॅकेज

खरी अडचण इथे आहे, म्हणून इथे घाई करू नका.

पूर्णांकाची किंमत म्हणजे तो स्वतःच. बफर आणि पॅकेज ही कपाटं आहेत. मेथडला कपाट बदलता येत नाही, आर्ग०मध्ये दुसरं कपाट ठेवलं तर बाहेरचं जागच्या जागी राहतं. पण कपाटाचा एखादा कप्पा उघडून आतली वस्तू बदलली, तर ती बाहेरच्यासाठीही बदलली, कारण कपाट एकच आहे.

डबा हा चार बाइटांचा बफर घ्या, आत १, २, ३, ४. मेथडमध्ये एकच ओळ:

आर्ग०[०] = ९

रेफऑफ कुठेच नाही. तरी मेथडमधून परतल्यावर डब्याचा पहिला बाइट ९ झालेला असतो. चौकोनी कंस म्हणजे इंडेक्स, आणि इंडेक्स मूळ बफरच्या बाइटकडे बोट दाखवतो.

तिसरं दार क्रिएटबाइटफील्ड आणि त्याच्या भावंडांचं. आर्ग०वर फील्ड तयार केलं आणि त्यात लिहिलं, तर तेही मूळ बफरमध्येच जातं. लॅपटॉपच्या डब्ल्यूएमआय (मुळात विंडोजसाठीची सोय) मेथडमध्ये हे फार दिसतं: तिसरं आर्ग्युमेंट बफर असतं आणि पहिल्याच ओळींत त्याची फील्डं पाडलेली असतात. नुसती वाचायला असतील तर काही बिघडत नाही. याचा आणखी एक परिणाम होतो: फील्ड म्हणजे नावाची वस्तू. दोन ठिकाणांहून मेथड एकाच वेळी चालू झाली की दुसऱ्या वेळी 'हे नाव आधीच आहे' असं म्हणत ती पडते. म्हणून अशी मेथड सीरियलाइज्ड (एका वेळी एकदाच चालणारी) म्हणून घोषित करा. आयएएसएल स्वतः तशी सूचना देतो, ती डावलू नका.

आता पेटी. चार घटकांचं पॅकेज, अगदी बॅटरीची स्थिती सांगणाऱ्या बीएसटी मेथडच्या क्रमाने: स्थिती, वापराचा वेग, शिल्लक ऊर्जा, व्होल्टेज. आम्ही १, ८०००, ४१००, ११४०० भरले. स्थितीतला १ म्हणजे बॅटरी उतरत आहे. भाच्याने लिहिलेली दुरुस्तीची ओळ अशी होती:

आर्ग०[२] = डीरेफऑफ आर्ग०[२] * १०

गणती शून्यापासून असल्याने २ म्हणजे तिसरा घटक, शिल्लक ऊर्जा. वाचताना डीरेफऑफ लागतं, कारण इंडेक्स रेफरन्स देतो. ते विसरलात तर ऑपरंडचा प्रकार चुकल्याची तक्रार येते. भाच्याने ते विसरलं नव्हतं. ओळ निर्दोष आहे.

ही मेथड पेटी देऊन मेनमधून लागोपाठ दोनदा बोलवा. पहिल्यांदा ४१०००, दुसऱ्यांदा ४१००००. तो हे बघून गप्पच झाला, मग म्हणाला, "म्हणजे माझी प्रत नव्हतीच ती."

पायरी ६: खऱ्या टेबलमध्ये काय घडत होतं

स्मार्ट बॅटरीच्या मानकात ऊर्जा १० मिलिवॉट-तासाच्या पटीत सांगण्याची सोय आहे. नवी बॅटरी तसं सांगत होती, आणि फर्मवेअर तो आकडा सरळ मिलिवॉट-तास धरून पॅकेजमध्ये ठेवत होतं. पूर्ण क्षमतेचा ५०००० हा आकडा टेबलमध्ये स्थिर लिहिलेला होता, त्यामुळे तो बरोबर राहिला. खरे ४१००० शिल्लक असताना ४१०० दिसत होते.

मूळ बीएसटी मेथड पॅकेज परत करण्यापूर्वी एम्बेडेड कंट्रोलरला (बॅटरी, पंखा सांभाळणाऱ्या छोट्या चिपला) विचारायची: नवी नोंद आहे का? असेल तर पॅकेजचे घटक ताजे करायचे, नसेल तर आधीचंच पॅकेज परत. भाच्याने परत करण्याच्या ओळीआधी आपली दुरुस्ती बसवली होती. नोंद ताजी असेल तेव्हा ४१००चे ४१००० होत, उत्तर बरोबर. कर्नलने पुन्हा विचारलं आणि नोंद ताजी नसली, तर पॅकेजमध्ये आधीचे ४१००० तसेच असत, त्यांचे ४१०००० होत. मग पुन्हा ताजी नोंद आली की सगळं सुरळीत. म्हणून दोष येई आणि जाई, आणि लॅपटॉप रीस्टार्ट केला की काही वेळ बरा दिसे.

दुरुस्ती तीन ओळींची:

लोकल० = आर्ग०
लोकल०[२] = डीरेफऑफ लोकल०[२] * १०
रिटर्न लोकल०

पहिल्या ओळीत पॅकेजची खरी प्रत निघते, आतल्या घटकांसकट. पुढचा गुणाकार त्या प्रतीवर होतो. मूळ पॅकेजला कुणी हात लावत नाही, मेथड कितीदाही बोलवा. बीएसटीमध्ये मग पॅकेजऐवजी या मेथडचं उत्तर परत करायचं. आधी पेटीवर हे करून पाहा: दोन कॉल, दोन्ही वेळा ४१०००, आणि पेटीत ४१०० जसेच्या तसे.

आणखी एक बारकावा: किंमत माहीत नसेल तर बीएसटी त्या घटकात आठ एफ ठेवते, म्हणजे ३२ बिटांचा सगळ्यात मोठा आकडा. त्याला दहाने गुणू नका. गुणण्याआधी तपासा आणि तो असेल तर तसाच सोडा. आमच्या अंतिम मेथडमध्ये ही एक अट जास्तीची आहे.

माझं मत विचाराल तर मेथडने पॅकेज किंवा बफर घेतला की पहिलीच ओळ प्रतीची असावी, मुद्दाम बाहेरचं बदलायचं असेल तरच अपवाद. आणि तसा अपवाद केला, तर वर टिप्पणी लिहून ठेवावी.

फर्मवेअरचा दुसरा भाग, लॅपटॉप सुरू करणारा यूईएफआयचा, सी भाषेत लिहिलेला असतो. तिथे उलटं आहे: सगळं प्रतीने जातं, अगदी पत्तासुद्धा पत्त्याची प्रत म्हणूनच. मूळ वस्तू बदलते ती त्या पत्त्यावर जाऊन लिहिल्यामुळे. ईडीके२ या यूईएफआयच्या खुल्या कोडमध्ये आर्ग्युमेंटपुढे इन आणि आउट असे शब्द दिसतात. ते रिकामे मॅक्रो आहेत, वाचणाऱ्याला सांगण्यापुरते. कंपायलर त्यावरून काहीच रोखत नाही. रोखायचं असेल तर कॉन्स्ट लावा. सीची सवय घेऊन एएसएलकडे येणारा नेमका पॅकेजपाशी अडखळतो.

पायरी ७: लॅपटॉपवर चढवा

डिसअसेंबल केलेल्या डीएसडीटीत बदल करा. डेफिनिशन ब्लॉकच्या ओळीतला शेवटचा आवृत्तीचा आकडा एकाने वाढवा. तो मूळ टेबलपेक्षा मोठा नसेल तर कर्नल तुमचं टेबल घेत नाही. आयएएसएलने पुन्हा कंपाइल करा. कधीकधी हात न लावलेल्या ओळींवरही चुका येतात, त्या आधी निस्तराव्या लागतात. त्यासाठी मूळ टेबल कुठलाही बदल न करता एकदा कंपाइल करून पाहणं चांगलं, म्हणजे कोणत्या चुका आपल्या आणि कोणत्या आधीच्या, हे कळतं.

तयार एएमएल फाइल कर्नल/फर्मवेअर/एसीपीआय अशा फोल्डरमध्ये ठेवून, कॉम्प्रेस न करता सीपीआयओ बांधणी (फाइलींचा गठ्ठा) करा आणि ती इनिटआरडीच्या (सुरू होताना कर्नल वापरतो त्या फाइलीच्या) पुढे जोडा. कर्नलमध्ये टेबल अपग्रेडची सोय चालू असावी लागते. सिक्युअर बूटमुळे (सही नसलेला कोड रोखणाऱ्या सोयीमुळे) कर्नल लॉकडाउनमध्ये असेल तर हा मार्ग बंद असतो. ग्रबमध्ये (सुरुवातीला निवड दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) जुन्या इनिटआरडीची नोंद शाबूत ठेवा. यात लॅपटॉपच्या चिपमधलं काहीच बदलत नाही, बिघडलं तर जुन्या नोंदीतून सुरू करायचं, काम संपलं. मात्र एम्बेडेड कंट्रोलरमध्ये लिहिणाऱ्या मेथड चालू मशीनवर गंमत म्हणून बोलवू नका, पंखा आणि चार्जिंग त्याच्या हातात असतं.

सुरू झाल्यावर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) टेबल अपग्रेडची ओळ शोधा. मग सिसच्या पॉवर सप्लाय फोल्डरमध्ये बॅटरीची एनर्जी-नाऊ ही फाइल वाचा. ती मायक्रोवॉट-तासात असते, म्हणजे ४१००० मिलिवॉट-तासांसाठी ४,१०,००,००० दिसायला हवेत. एकदा वाचून थांबू नका. आमचा दोष दुसऱ्या वाचनातच दिसत होता. वॉच या आदेशाला दर दोन सेकंदांनी ती फाइल वाचायला लावा, चार्जर एकदा काढा, एकदा लावा, अर्धा तास चालू द्या.

आम्ही तसंच केलं. चार्जर काढल्यावर आकडा हळूहळू उतरू लागला, लावल्यावर चढू लागला, मध्ये एकदाही उडी नाही. भाचा मग होस्टेलला जायला निघाला, आणि दारातूनच परत आला: पंख्याच्या मेथडमध्येही त्याने एक बफर पाठवला होता.